प्लॉटवाल्याची भाषा, मिस्त्रीची भाषा

एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्या दिग्रसकडच्या एका गावात अंगणवाडीत काम करतात, यजमान एसटीत आहेत. तालुक्याच्या गावाला लागून 30 बाय 50 चा प्लॉट त्यांनी पाहिला. विकणारा म्हणतो, "एनए आहे, दीड गुंठा भरते, नमुना आठ तुमच्या नावानं करून देतो, रविवारी इसार द्या." मिस्त्री म्हणतो, "मजुरीचा रेट स्लॅबच्या मापानं लागंल, रेती-गिट्टी ब्रासनं तुमची, अन् कॉलमचा खर्च काऊन करता?" ताई लिहितात, "काका, यातलं अर्धं मला समजलं नाही, आणि समजलं नाही म्हणायची लाज वाटली. जमीन काळी आहे, एवढं मात्र मला माहीत आहे."

ताई, लाज वाटायचं कारण नाही. मी अठ्ठावीस वर्षं या जिल्ह्यात घरांची कामं पाहतो आहे. हे शब्द रोज वापरणाऱ्यांपैकी निम्म्यांना ते धड माहीत नसतात, आणि ज्यांना पक्के माहीत असतात त्यांच्यातले काही मुद्दाम ढिले वापरतात. म्हणून शब्द ऐकला की दोनच गोष्टी विचारायच्या: याचा कागद कोणता, आणि याचं माप कुठून कुठपर्यंत?

"एनए" पासून सुरू करतो. एनए म्हणजे अकृषक, शेतीशिवाय दुसऱ्या वापराला परवानगी मिळालेली जमीन. आपल्याकडे हा शब्द तीन वेगळ्या अर्थांनी फिरतो. एक, खरंच एनए झालेली जमीन: आदेशाला क्रमांक आहे, तारीख आहे, सोबत मंजूर लेआऊटचा, म्हणजे प्लॉट-रस्ते पाडून दाखवल्याचा, नकाशा आहे. याला लोक "एनएटीपी" म्हणतात; टीपी म्हणजे नगररचना विभागाकडून नकाशा मंजूर. दुसरा अर्थ, "एनएची फाईल टाकली आहे". म्हणजे आज ती शेतीच आहे. तिसरा, "पिवळ्या पट्ट्यात येते", म्हणजे विकास आराखड्यात तो भाग रहिवासी दाखवला आहे. पट्टा पिवळा असणं चांगलंच, पण पट्टा आणि आदेश या दोन वेगळ्या गोष्टी. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतल्या जमिनीला कायद्यात सोपी वाट करून दिली आहे, तरी भरायची रक्कम भरून त्याचा कागद हातात पडेपर्यंत नुसतं अंतर मोजून घर बांधायला निघू नका.

त्यात तुकडेबंदीची भानगड आहे. शेतजमिनीचे फार बारीक तुकडे पडू नयेत म्हणून 1947 चा कायदा आहे. त्यामुळे एकरभर वावरातून दीड हजार फूट कापून वेगळी रजिस्ट्री सहसा होत नाही. यावर काढलेली पळवाट अशी: सहा-सात जणांनी मिळून एकत्र खरेदी करायची, सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं सामाईक लागतात, आणि जागेवर चुन्याच्या रेघा मारून "हा तुमचा प्लॉट" असं दाखवतात. कागदावर तुमचा प्लॉट कुठेच नसतो. असतो तो फक्त हिस्सा. उद्या त्यातल्या एकानं कर्ज बुडवलं की वाद सगळ्यांच्या दारात. या कायद्यात अलीकडे सवलती आल्या आहेत, पण ती सवलत तुमच्या गटाला लागू होते का, हे विकणाऱ्याला विचारून उपयोग नाही. ते तहसीलमध्ये विचारा. शिवाय शेतजमीन घ्यायला शेतकरी असावं लागतं. विदर्भासाठी त्याचा वेगळाच, 1958 चा कूळकायदा आहे. तुमच्या किंवा यजमानांच्या नावावर शेती नसेल तर शेतीच असलेल्या जागेचा विचार इथेच थांबवा.

आता "दीड गुंठा". 30 बाय 50 म्हणजे 1500 चौरस फूट. एक गुंठा 1089 फुटांचा, म्हणून दीड गुंठा 1633 फुटांच्या वर जातो. म्हणजे बोलण्यात दीड गुंठा असला तरी जागेवर 133 फूट कमी आहेत. पैसे फुटाच्या भावानं देणार असाल तर फरक पडणार नाही. गुंठ्याच्या भावानं देणार असाल तर अख्ख्या स्वयंपाकखोलीएवढ्या जागेचे पैसे जास्तीचे जातील. यात अजून एक गोंधळ आहे. सातबाऱ्यावर गुंठा नसतो, "आर" असतो. एक आर म्हणजे 100 चौरस मीटर, साधारण 1076 फूट. गुंठ्याच्या इतका जवळ असल्यामुळे लोक दोन्ही एकच समजतात. तुमचा प्लॉट सातबाऱ्यावर 0.01.39 असा दिसायला हवा: शून्य हेक्टर, एक आर, 39 चौरस मीटर. हा आकडा तोंडपाठ करून ठेवा.

"नमुना आठ" वर मात्र थोडं थांबायला लागेल, कारण माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त माणसं इथेच फसली. गावात दोन आठ आहेत. एक महसूल खात्याचा आठ-अ: एका खातेदाराच्या नावावर त्या गावात कोणकोणते गट आणि किती क्षेत्र आहे, त्याचा उतारा. दुसरा ग्रामपंचायतीचा नमुना आठ: घरपट्टी कोणाकडून किती घ्यायची, याची आकारणी. ग्रामपंचायतीला कर हवा असतो. घरात राहतो कोण आणि कर भरतो कोण, हे ती लिहून ठेवते. त्या नोंदीवरून जागेची मालकी ठरत नाही. "नमुना आठ करून देतो" हे वाक्य जिथे "रजिस्ट्री करून देतो" च्या जागी येतं, तिथे सावध व्हा. कर आकारणीत नाव लावून घेणं आणि दुय्यम निबंधकासमोर खरेदीखत होणं, यात फार अंतर आहे. 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मिळकत विकायची तर दस्त नोंदवावाच लागतो. स्टॅम्पपेपरवर लिहून, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन जागा "विकली" असं होत नाही. मुखत्यारपत्रावर विक्री हाही असाच प्रकार. सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्येच सांगितलं की अशा कागदांनी मालकी जात नाही.

बाकी कागद झटपट सांगतो. इसारचिठ्ठी, कोणी बयाना म्हणतं, ती म्हणजे सौदा ठरल्याची खूण. साठेखत म्हणजे अमुक मुदतीत, अमुक अटींवर विकीन असा करार. त्यानं मालकी येत नाही, पण हक्क सांगायला आधार मिळतो. खरेदीखत किंवा विक्रीपत्र, म्हणजे आपल्याकडची "रजिस्ट्री", यानं मालकी येते. नोंदणी झाली की सूची क्रमांक दोन मिळते, तीत व्यवहाराचा गोषवारा असतो. त्यानंतर फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावर तुमचं नाव चढणं. लोक रजिस्ट्री करून निवांत होतात आणि फेरफार वर्षानुवर्षं राहून जातो. गावठाणातलं जुनं घर घेणारांसाठी सातबाऱ्याच्या जागी मिळकत पत्रिका असते. स्वामित्व योजनेत ड्रोननं मोजणी झालेल्या गावांत ती आता मिळू लागली आहे. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग दोन लिहिलेलं दिसलं तर ती जमीन सरकारच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. वर्ग एकला ती अट नाही.

रेरा, म्हणजे फ्लॅट-प्लॉट विकणाऱ्यांवर लक्ष ठेवणारा कायदा, आपल्याकडे लागतो का, असंही लोक विचारतात. नियोजन क्षेत्रात 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर प्लॉट पाडून विकत असतील तर महारेराची नोंदणी लागते; रेरा फक्त नागपूर-पुण्याच्या फ्लॅटसाठी नाही. तिथे नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. आणि लेआऊटचा मंजूर नकाशा बघताना खुली जागा कुठे दाखवली आहे ते पाहून ठेवा. बाग म्हणून सोडलेली जागा पाच-सात वर्षांनी प्लॉट नंबर पडून विकली गेल्याचं मी पाहिलं आहे, आणि घेणारा आपल्यासारखाच साधा माणूस होता.

आता मिस्त्री. "स्लॅबच्या मापानं" हे दोन शब्द त्यानं सहज उच्चारले असतील, पण ते महाग आहेत. समजा तुमचं घर बाहेरून बाहेर 25 बाय 36 आहे, म्हणजे 900 फूट. भिंतीच्या बाहेर दीड फूट चहूबाजूंनी स्लॅब काढला तर स्लॅबचं माप 28 बाय 39, म्हणजे 1092 फूट. फरक 192 फुटांचा. हिशेबापुरती मजुरी 250 रुपये फूट धरली तर 48 हजार. माल-मजुरीसह 1600 रुपयांनी ठेका दिला असता तर हाच फरक 3 लाख 7 हजारांच्या वर गेला असता. स्लॅबचं माप लावणं ही लबाडी नाही, बरेच मिस्त्री तसंच करतात आणि रेट त्याप्रमाणे कमी सांगतात. मात्र एकाचा रेट स्लॅबच्या मापाचा आणि दुसऱ्याचा जोत्याच्या मापाचा असेल तर त्यांची तुलना होत नाही. जिना कसा मोजणार, पोर्च पूर्ण की अर्धा, कठड्याची भिंत त्यात धरली आहे का, सेप्टिक टँक वेगळी का, हे सगळं कागदावर लिहून सही घ्या. मिस्त्री कुरकुर करंल. करू द्या.

फ्लॅट घेणाऱ्यांना लागणारा "कार्पेट" हा याच कुटुंबातला शब्द. कायद्यात त्याचा अर्थ पक्का केला आहे: आतल्या पडदी भिंती धरून वापराची जागा, बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची त्यात येत नाही. बिल्टअपमध्ये भिंती आल्या. तुमच्या स्वतंत्र घराला याची गरज नाही, पण बँकेच्या कागदात हे शब्द दिसतील म्हणून सांगितलं.

ब्रास म्हणजे 100 घनफूट. रेती, गिट्टी, मुरूम, सगळं ब्रासवर. ट्रॉलीवाला "एक ट्रॉली एक ब्रास" म्हणतो तेव्हा टेप काढा आणि ट्रॉलीची आतली लांबी, रुंदी, उंची फुटांत मोजून गुणा, शंभरानं भागा. 10 फूट लांब, 6 फूट रुंद आणि दीड फूट उंच ट्रॉली 90 घनफूट होते, म्हणजे नऊ दशांश ब्रास. दहा ट्रॉल्यांमागे एक ब्रास हवेत. वरून रेतीत माती किती आहे ते बघायचं तर काचेच्या ग्लासात रेती नि पाणी घालून हलवा आणि तासभर ठेवा. वर गाळाचा थर जाड बसला तर ती रेती स्लॅबला नको. लोखंडाचंही एक साधं गणित: सळईच्या मिलिमीटरचा वर्ग करून 162 नं भागलं की एका मीटरचं वजन किलोत मिळतं. 12 मिलिमीटरची 12 मीटर लांब सळई साडेदहा किलोच्या थोडी वरच भरली पाहिजे. दुकानात काट्यावर एक सळई ठेवायला सांगितली तर कोणी रागावत नाही.

आता तुमच्या जमिनीकडे येतो. खरं तर तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच आहे.

काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. चैत्र-वैशाखात वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि मृग लागून चार पाणी झाले की त्याच भेगा मिटतात, हे तुम्ही लहानपणापासून पाहिलं आहे. घराखालीही नेमकं तेच चालू असतं. फरक इतकाच की घराच्या मध्यभागी ओल फारशी बदलत नाही आणि कडेला बदलते. म्हणून दर वर्षी कडा वरखाली होतात, मधला भाग तिथेच राहतो, आणि भिंत फाटते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, वर रुंद आणि खाली बारीक भेग दिसली की समजायचं, खाली माती हलते आहे. पावसाळ्यात ती भेग थोडी मिटते, उन्हाळ्यात पुन्हा उघडते. पुट्टी भरून ती जात नाही.

आपल्या आज्यांची कवेलूची घरं काळ्या मातीवर उभी होती ना, असं कोणीतरी म्हणेलच. होती. पण मातीची भिंत जाड आणि नरम, वर सागाच्या बल्ल्या आणि कवेलू; घर थोडं हललं तर तेही हलायचं, आणि दर वर्षी लिंपून भेगा बुजवल्या जायच्या. सिमेंटचं घर ताठ असतं, ते हलत नाही, तडकतं.

ही माती मला एका चुकीतून समजली. नोकरीच्या सुरुवातीला एका शेतकऱ्याच्या घराला मी लोडबेअरिंग सुचवलं. लोडबेअरिंग म्हणजे कॉलम नाहीत, छताचं वजन सरळ भिंतींवर आणि भिंतीखाली पट्टीचा पाया. तीन फूट खोदलं, माती कडक लागली, मी खूश. मे महिन्यात काळी माती दगडासारखीच कडक असते, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. त्यावर कडी म्हणजे पायातून निघालेली तीच माती जोत्यात भरू दिली, कारण मुरूमाच्या ट्रॉल्यांचे पैसे वाचत होते. दुसऱ्या पावसाळ्यात बैठकीतली फरशी पोळीसारखी फुगून वर आली. ते घर अजून उभं आहे, त्या माणसानं मला कधी शब्दानं बोललं नाही, आणि त्या रस्त्यानं गेलो की मी अजूनही खिडकीच्या कोपऱ्याकडे पाहतो.

म्हणून तुमच्या मिस्त्रीला माझं उत्तर: इथे कॉलम लागतील. फुटिंग म्हणजे कॉलमचा तळवा, ज्यावर वजन पसरतं. तो काळी माती ओलांडून खालच्या मुरूमावर किंवा टणक थरावर टेकवायचा. कुठे ते चार फुटांवर लागतं, कुठे आठ फुटांवर. शेजारच्या विहिरीचे काठ बघितले तर अंदाज येतो. खड्ड्याच्या तळाशी आधी पीसीसी, म्हणजे लोखंड नसलेल्या काँक्रीटचा थर, त्यावर लोखंडी जाळी, मग फुटिंग. जमिनीच्या पातळीजवळ सगळे कॉलम बांधणारा प्लिंथ बीम घ्यायचा, आणि भिंती त्या बीमवर उचलायच्या. जोत्यात भरायला फक्त मुरूम, सहा-सहा इंचांच्या थरात पाणी मारून ठोकलेला. काढलेली काळी माती शेतात टाका, तिची जागा तिथेच आहे. घराच्या चहूबाजूंनी तीनेक फुटांचा उतरता ओटा करा, म्हणजे पावसाचं पाणी पायाशी मुरणार नाही. मोरीचं पाणी आणि सेप्टिक टँक पायापासून लांब ठेवा. फार खोलवर काळीच माती असेल तर अंडर-रीम्ड पाईल, म्हणजे तळाशी फुगीर केलेले गोल खांब, हा उपाय आहे. पण त्यासाठी जाणकार माणूस आणि यंत्र लागतं, नेहमीच्या मिस्त्रीच्या भरवशावर तो करू नका.

जोत्यानंतरचे शब्द सोपे आहेत. लिंटल म्हणजे दारं-खिडक्यांच्या वरची पट्टी. आपल्याकडे ती सगळ्या भिंतींवरून सलग फिरवून घ्या. छज्जा म्हणजे खिडकीवरचं पुढे आलेलं छप्पर, विदर्भातल्या उन्हासाठी तो दीड-दोन फूट तरी हवा. घरकुलाचा हप्ता आणि बँकेचं कर्ज बहुधा याच टप्प्यांवर सुटतं, जोता झाला, लिंटल झाली, स्लॅब पडला असं. म्हणून पुढच्या टप्प्याचा पैसा यायच्या आधी मागचा टप्पा पूर्ण करण्याइतके पैसे जवळ असले पाहिजेत. "कव्हर" म्हणजे लोखंडाच्या बाहेरचं काँक्रीट. स्लॅबला 20 मिलिमीटर, कॉलमला 40. त्यासाठी सिमेंटचे छोटे ठोकळे लावायचे असतात, मिस्त्री गिट्टीचे खडे लावेल, लावू देऊ नका.

आणि तराई, म्हणजे पाणी मारणं. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात एप्रिल-मेत स्लॅब टाकला तर पाणी डोळ्यांदेखत उडून जातं. दुकानात आता बहुतेक पीपीसी सिमेंट मिळतं, त्यात राख मिसळलेली असते, ते थोडं सावकाश पक्कं होतं. म्हणून अशा उन्हात चौदा दिवस ओल सुटू देऊ नका. स्लॅबवर वावरात करतो तसे छोटे वरंबे करून वाफे पाडा नि पाणी साठवा. कॉलमला ओलं गोणपाट गुंडाळा. सकाळ-संध्याकाळ नळीनं फवारलं म्हणजे झालं, असं नाही. सेंट्रिंगवाल्याला पाट्या दुसरीकडे न्यायची घाई असते. मोठ्या खोल्यांच्या स्लॅबखालच्या आणि बीमखालच्या बल्ल्या दोन आठवडे तरी हलवू नका.

रविवारी इसार देऊ नका. सोमवारी विकणाऱ्याकडून एनए आदेशाचा क्रमांक, लेआऊटच्या मंजूर नकाशाची प्रत आणि प्लॉटचा सातबारा मागा. सातबारा ऑनलाईनही काढता येतो, तो तुमच्या हातानंच काढा. नंतर भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणीची "क प्रत" आहे का ते विचारा, तिच्यात हद्दी मोजून दाखवलेल्या असतात. हे सगळं असेल तर प्लॉट घ्यायला हरकत नाही. आणि पाया खणला की काँक्रीट टाकायच्या आधी मला बोलवा, किंवा निदान व्हिडीओ पाठवा. खड्ड्याच्या तळाशी सब्बल मारायला लावा आणि आवाज ऐकू येईल असा फोन जवळ धरा. काळी माती थप्प वाजते, मुरूम खणकतो.